संध्याकाळी बिघडणारा टीव्ही

आधीच सांगून ठेवतो, बढाई मारायची मला सवय नाही. पण आमच्या घरात बाहेरचा कारागीर सहसा येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. नळ गळला, मी आहे. दाराची कडी अडकली, मी आहे. मिक्सर, इस्त्री, कपाटाचं बिजागर, या सगळ्यांना माझा हात लागलेला आहे. त्यातल्या काही वस्तू त्यानंतर माळ्यावर गेल्या, ते वेगळं. तो माळाही मीच केलाय.

आणि माझं सगळ्यात मोठं काम म्हणजे पुढच्या खोलीतलं वुडन फ्लोअरिंग. गेल्या वर्षी मोबाईलवर व्हिडिओ बघत एकट्याने घातलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबच लांब फळ्या, मधे सांधा म्हणून नाही. खिडकीकडच्या बाजूला फळ्यांखाली घालायचा फोम कमी पडला, तर मी काही रडत बसलो नाही. एक जाडसा पुठ्ठा दुमडला, मधोमध सरकवला आणि वरून फळी बसवली. चालताना तिथे जरासं टुक वाजतं. बायको सुरुवातीला म्हणायची, "अरे, हे वाजतंय."

"लाकूड आहे ते," मी म्हणायचो. "जिवंत वस्तू आहे. वाजणारच."

मग तिने तो विषय सोडून दिला. त्याच बाजूला खिडकीशी माझी आरामखुर्ची आहे. ऑफिसातून आलो की मी तिच्यात जो पडतो, तो जेवायलाच उठतो. माझं वजन हा माझा खासगी प्रश्न आहे.

हे असं सगळं सुखात चाललेलं असताना सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या.

सासूबाई म्हणजे निवृत्त हेडनर्स. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही त्या खोलीत शिरल्या की माणसं आपोआप सरळ बसतात. सासरे गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. मध्यंतरी एकदा पहाटे स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या, आणि दूधवाल्याने बेल वाजवेपर्यंत त्यांना उठताच आलं नाही. हाड मोडलं नाही, पण माझ्या बायकोचा धीर मोडला. फोन वाजला की ती दचकायची. अवेळी वाजला तर घेण्याआधीच तिचे डोळे भरून यायचे. ती एकुलती एक मुलगी. तिने आईच्या इतक्या विनवण्या केल्या की शेवटी सासूबाई तयार झाल्या, पण त्यांच्या पद्धतीने.

"महिनाभर येऊन बघेन," त्या म्हणाल्या. "जमलं तर राहीन. नाही जमलं तर माझी मी परत जाईन, कोणी आग्रह करायचा नाही. आणि माझा टीव्ही माझ्याबरोबर येणार."

आमच्याकडे टीव्ही होता. भिंतीवरचा, चपटा, मोठा. पण तो सासूबाईंना चालत नाही. "बातम्या देणाऱ्या माणसाच्या नाकातले केस दिसतात त्यात," असं त्यांचं म्हणणं. त्यांचा टीव्ही म्हणजे सासऱ्यांनी लग्नानंतर काही वर्षांनी घेतलेला. लाकडी पेटी, चार तिरके पाय, पुढे सरकती दारं आणि उजवीकडे दोन बटणं, फिरवली की कटकट वाजणारी. रिमोट वगैरे भानगड नाही. हल्लीचं काही त्यात थेट दिसत नाही, म्हणून मागे एक डबी जोडलेली. एकदा मालिकेच्या चॅनेलवर लावून ठेवला की तो तिथेच राहायचा. सासरे आणि त्या रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसायचे. सासरे गेल्यावरही त्या तशाच बसत राहिल्या. त्यामुळे तो नुसता टीव्ही नव्हता, हे मलाही कळत होतं. मी काही अगदीच दगड नाही.

टेम्पोतून तो आला तेव्हा ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला होता. सासूबाई त्याच्या बाजूला चालत होत्या आणि हमालांना सांगत होत्या, "सावकाश. डोक्याची बाजू वर." त्यांच्या हातात एक मातीचा म्हातारा होता. स्प्रिंगवर मान डोलावणारा, हसरा, पांढऱ्या मिशांचा. तो पूर्वीपासून टीव्हीवर असायचा, म्हणून इथेही टीव्हीवरच बसला. टीव्हीला जागा मिळाली माझ्या आरामखुर्चीच्या बरोबर समोर, पलीकडच्या भिंतीशी.

पहिल्या संध्याकाळी सगळे जमलो. सासूबाई आणि बायको सोफ्यावर, मी खुर्चीत रेलून. मालिका ऐन रंगात आली होती. एका मोठ्या घरातल्या दोन जावा समोरासमोर उभ्या, मागे सगळं खानदान, वाद्यं कानठळ्या बसवत होती. मी जरा नीट ऐसपैस झालो. आणि चित्र आक्रसलं. वरून खालून दाबल्यासारखं होत होत एक पांढरी रेघ उरली. आवाज मात्र खणखणीत. त्या आवाजात एक सणसणीत थोबाडीत ऐकू आली.

"कोणी कोणाला मारली?" सासूबाई ताठ झाल्या.

"कळलं नाही," बायको म्हणाली.

"आई, निश्चिंत राहा," मी म्हणालो. "हे माझं खातं आहे."

मी उठलो, टीव्हीपाशी गेलो, पेटीवर डावा हात ठेवला. हात टेकतोय तोवर चित्र लख्ख उभं राहिलंही होतं. दोन्ही जावा रडत होत्या, त्यामुळे मारणारी कोण हे काही समजेना. पण माझा हात सिद्ध झाला होता. मी बायकोकडे बघत डौलात परत आलो आणि खुर्चीत धपकन बसलो.

रेघ.

पुन्हा उठलो. हात लावला. चित्र आलं. पुन्हा बसलो. जरा वेळ राहिलं, मी मागे रेललो आणि गेलं. असं मालिका संपेपर्यंत चाललं. शेवटी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिकडे कधी असं झालं नाही."

टीव्हीवरच्या म्हाताऱ्याने होकारार्थी मान डोलावली. हा म्हातारा त्यांच्या बाजूचा आहे, हे माझ्या त्याच दिवशी लक्षात आलं.

रविवारी मी टीव्हीची मागची बाजू उघडली. बायको म्हणाली, "नको उघडूस, आईचा जीव आहे त्यात."

"म्हणूनच उघडतोय," मी म्हणालो. प्लग काढला, छोट्या स्टुलावर टीव्हीच्या मागे बसलो, ब्रशने धूळ काढली. इतकी धूळ निघाली की त्यात सासऱ्यांची सगळी संसाराची वर्षं असावीत. मग कुठे वायर सुटली आहे का ते पाहिलं. काय पाहायचं ते माहीत नसल्यामुळे सगळंच पाहिलं. झाकण लावून प्लग जोडला आणि मागे बसूनच विचारलं, "आलं का?"

"आलं," बायको म्हणाली.

मी झाकणावर एक चापट मारली. "आता गेलं का?"

"नाही."

दुसऱ्या बाजूने मारली. "आता?"

"अरे, छान चाललंय. कशाला जाईल?"

"जायला पाहिजे. गेल्याशिवाय मला कळणार कसं कुठून जातंय ते?"

"गेलं नाही म्हणून तू आता त्याला मारणार का?" बायकोने विचारलं.

दुपारभर मी टीव्हीच्या मागे घाम गाळत बसलो आणि पुढे त्या दोघी एक अख्खा सिनेमा बघून मोकळ्या झाल्या. चित्र एकदाही हललं नाही. संध्याकाळी मी विजयी मुद्रेने हात धुतले, खुर्चीत बसलो, पाय पसरले. रेघ.

सोमवारी ऑफिसातून फोन केला. "कसा आहे?"

"कोण, आई?"

"टीव्ही."

"सकाळपासून सुंदर चाललाय," बायको म्हणाली. "आई खूश आहे. तिचं भरतकामही झालं टीव्ही बघत बघत."

मंगळवारीही तेच. दिवसभर ठणठणीत, संध्याकाळी मी येऊन टेकलो की आजारी. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. व्होल्टेज! संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचे दिवे लागतात, दाब कमी होतो, जुन्या टीव्हीला तो सोसत नाही. इतकं साधं, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळपासून मालिकेच्या वेळी घरात वीज वाचवा मोहीम सुरू झाली. फ्रीज बंद. पंखे बंद. दिवे बंद. सासूबाई आणि बायको अंधारात घामाघूम होऊन टीव्हीसमोर बसल्या, आणि मी खुर्चीत. रेघ आली ती अंधारात आणखीच उठून दिसली.

"आईस्क्रीम विरघळलं असेल," बायको म्हणाली.

पण मी हार मानणारा माणूस नाही. आमच्या घरातून वीज खेचली जात नसेल, तर ती दुसरीकडे खेचली जात असणार. मी खाली मीटरच्या खोलीत गेलो. विचार असा होता की आमच्या मीटरचा मेन स्विच एकदा बंद करून चालू करावा, म्हणजे काही अडकलं असेल तर सुटेल. मीटरांवरचे आकडे पुसट झाले होते. मी अंदाजाने एक मेन खाली ओढला आणि वर काय होतंय याची वाट बघत उभा राहिलो.

वर झालं असं, की वरच्या मजल्यावरचे काका आंघोळ करत होते. हे काका म्हणजे वकील माणूस, बाहेरून आले की लगेच आंघोळ करणारे. त्यांचा पंप बंद पडला, नळ कोरडा झाला आणि दिवे गेले. काका डोक्याला फेस लावलेले, टॉवेल गुंडाळून, अंधारात चाचपडत जिना उतरले आणि मीटरच्या खोलीच्या दारात उभे राहिले. डोळ्यांत साबण गेल्यामुळे ते एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते.

"तुम्ही इथे काय करताय?" त्यांनी विचारलं.

"सासूबाईंचा टीव्ही बघतोय," मी खरं ते सांगितलं.

काकांनी माझ्याकडे, मग मीटरकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्यानंतर ते जे बोलले, ते वकिलाच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

शेवटी मी बाहेरचा कारागीर बोलावला. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते. तो आला शनिवारी दुपारी. टीव्हीकडे बघून म्हणाला, "माझ्या आजोबांच्या घरी होता असा." त्याला खरं तर फक्त नवे टीव्ही माहीत होते, पण माणूस भिडस्त होता, नाही म्हणवेना. मी त्याच्या शेजारी उभा राहून सगळी लक्षणं सांगितली. चित्र कसं आक्रसतं, रेघ कशी उरते, मग हात लावला की कसं येतं. तो समोर बघत होता. समोर चित्र आरशासारखं स्वच्छ होतं.

"दिसतंय की," तो म्हणाला.

"आत्ता दिसतंय. जाईल."

आम्ही उभ्याने वाट बघितली. चहा झाला. तो उभ्याने प्यायला, म्हणून मीही उभ्याने प्यायलो, पाहुण्याला उभं ठेवून आपण बसणं बरं दिसत नाही. चित्राने पापणीसुद्धा लववली नाही. शेवटी तो चपला घालता घालता मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, टीव्हीला काही झालेलं नाही. तुम्ही जरा आराम करत जा."

तो गेला. मी त्याचा सल्ला ऐकला, खुर्चीत पडलो. रेघ.

आता इथपर्यंत गंमत होती. त्यानंतरची गंमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडे गेलो, तर आत मायलेकींचं बोलणं चाललं होतं. सासूबाई त्यांच्या वॉर्डातल्या आवाजात सांगत होत्या, "दिवसभर पेशंटला ताप नाही. संध्याकाळी ठराविक माणूस भेटायला आला की चढतो. तो माणूस गेला की उतरतो. मी अशा वेळी आधी भेटायला येणाऱ्याकडे बघायची."

बायको हसली. मग सासूबाई म्हणाल्या, "हसू नको. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते तेव्हा ते फोनवर म्हणत होते, एकदाचा हा डबा बंद पडला म्हणजे मी सुटलो."

बायकोचं हसू थांबलं, हे मला बाहेरूनही कळलं.

मी तसं बोललो होतो, नाकारत नाही. ऑफिसातल्या एका मित्राशी बोलत होतो. पण बोटावर हातोडी बसलेला माणूस हातोडीबद्दल जे बोलतो, त्यातला तो प्रकार होता. हे आत जाऊन सांगावं, तर मी दाराआड ऐकत उभा होतो हे आधी सांगावं लागलं असतं. म्हणून मी पाणी न पिता परत आलो, टीव्ही लावला, खुर्चीत बसलो आणि रेघेकडे बघत राहिलो.

रात्रीच्या जेवणात सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी येत्या शनिवारी निघते. महिना व्हायचा आहे, पण कळायचं ते कळलं. टीव्हीलाही इथली हवा मानवत नाही."

"आई, असं काय," बायको म्हणाली.

"कोणी आग्रह करायचा नाही, असं ठरलंय आपलं."

जेवण झाल्यावर बायको भांडी आवरत होती, मी मदतीला गेलो. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "खरं सांग. तू त्या टीव्हीला काही करतोयस का?"

"मी? मी तर दुरुस्त करतोय."

"तू घरी नसताना तो कधीच बिघडत नाही."

"अगं, पण मी कशाला..."

"आई इथे राहिलेली तुला नको असेल तर सांग. मी समजून घेईन. पण असं करू नकोस रे. ती तिथे परत एकटी पडली तर..."

तुम्हाला सांगतो, आजवर लोकांनी माझ्या कामाला खूप नावं ठेवली. माळ्यावरून हसले, नळावरून हसले. कधी काही वाटलं नाही. पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. माझ्या हाताला कला नाही असं कोणी म्हटलं तर ते मी सहन करीन. पण हा हात वाईट आहे, असं बायकोला वाटावं?

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंची बॅग भरून दाराशी उभी होती. मी ऑफिसातून आलो, बूटही काढले नाहीत, आणि जाहीर केलं, "आज मी सिद्ध करून दाखवतो. तुमच्या सगळ्यांसमोर. मी टीव्हीला बोट लावणार नाही. टीव्हीजवळ जाणारही नाही. लांब तिकडे माझ्या खुर्चीत हात बांधून बसतो. मग बिघडला तर माझा संबंध नाही, हे मान्य करायचं."

"साक्षीदार हवा," बायको म्हणाली.

मी वरच्या काकांना बोलावून आणलं. ते माझ्यावर अजून रुसलेले होते, त्यामुळे साक्षीदार म्हणून निःपक्षपाती होते. सासूबाई सोफ्यावर बसल्या. काका त्यांच्या बाजूला. टीव्ही लावला. मालिका सुरू झाली, चित्र एकदम झकास. त्या दोन जावा पुन्हा समोरासमोर आल्या होत्या.

"सगळ्यांनी बघून घ्या," मी खोलीच्या मधोमध उभा राहून म्हणालो. "हे माझे हात. हे मी बांधले. हा मी चाललो लांब."

मी खुर्चीत बसलो आणि मागे रेललो.

रेघ.

टीव्हीतून पुन्हा एक थोबाडीत ऐकू आली, आणि ती मलाच बसल्यासारखी वाटली.

"हात तर बांधलेलेच आहेत यांनी," काका अनिच्छेने म्हणाले.

"पायाने काही करतोयस का?" बायकोने विचारलं.

"हे घे पाय!" मी चिडून दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घातली. त्याबरोबर आवाजही गेला. रेघही गेली. टीव्ही पूर्ण काळा झाला.

आता मात्र माझा बांध फुटला. "जाऊ द्या," मी म्हणालो. "मी काहीच करत नाही, पण माझ्यामुळेच होतंय, हे मला दिसतंय. आई, तुम्ही नका जाऊ. मीच जातो." हे म्हणत मी उठलो. कुठे जाणार होतो ते ठरलेलं नव्हतं. पण मी उठलो तसं चित्र आलं, आवाज आला, आणि दोन्ही जावा रडताना दिसल्या.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. टीव्हीच्या पडद्याकडेही नाही. त्यांची नजर टीव्हीवरच्या म्हाताऱ्यावर होती. तो जोरजोरात मान डोलावत होता.

"जावईबापू, बसा."

मी बसलो. म्हाताऱ्याची मान पुढे झुकली. चित्र गेलं.

"उठा."

उठलो. म्हातारा मागे झाला, मग डोलत राहिला. चित्र आलं.

"बसा. जोरात नको, हळू. हां. आता मागे रेला. श्वास घ्या. सोडा. उठा."

आयुष्यात इतक्या शहाण्यासारखी आज्ञा मी कोणाची पाळली नव्हती. काका सोफ्याच्या कडेवर सरकले होते. सासूबाई बायकोला म्हणाल्या, "खाली वाक आणि टीव्हीच्या पायांकडे बघ. जावईबापू, बसा."

बायको पोटावर झोपली, गाल फळीला लावून. मी बसलो. टुक वाजलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "पाय वर उचलला जातोय."

"कोणाचा?" मी विचारलं.

"टीव्हीचा. तू बसलास की फळीचं तुझ्याकडचं टोक खाली जातं आणि इकडचं वर येतं. बागेतल्या सी-सॉसारखं. टीव्ही वाकडा होतोय. पाय वर घेतलेस की सगळाच भार पडतो, मग आणखी वाकडा." ती उठून बसली. तिच्या गालावर धूळ लागली होती. "मधे काहीतरी जाड आहे या फळीखाली."

काकांनी विचारलं, "हे फ्लोअरिंग कोणी केलं हो?"

"व्हिडिओत पुठ्ठ्याचं काही नव्हतं," मी म्हणालो. "ती माझी कल्पना."

काका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज यायला लागला, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि शेवटी बायकोला त्यांच्यासाठी प्यायचं पाणी आणावं लागलं. बायकोला पाणी आणताना हसू आवरेना, तर ते अर्धं तिने वाटेतच सांडलं. माझ्या फळ्यांवर.

सासूबाई हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मला वाटलं, तुम्हाला मी नकोय," त्या म्हणाल्या.

"नाही हो आई," मी म्हणालो. "तुम्ही हव्या आहात. तुम्ही इथे असलात की हिला झोप लागते. हिला लागली की मला लागते. टीव्हीचं काय ते मी नंतर बघतो."

"तुम्ही नका बघू," त्या घाईने म्हणाल्या. मग बायकोकडे वळल्या. "ती बॅग आत ने. आणि वरचा स्वेटर बाहेर काढून ठेव, इथे पहाटे गारठा असतो."

बायको बॅग उचलून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हत्यारं काढली. एकच फळी उचलायची, पुठ्ठा काढायचा, फोम घालायचा. हातासरशी काम. पण सासूबाई मधे उभ्या राहिल्या. "फळीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "खुर्चीही हलवायची नाही. आहे तसं राहू दे."

मला भरून आलं. दमूनभागून आलेल्या जावयाची हक्काची जागा जाऊ नये म्हणून ही बाई स्वतःची मालिका सोडायला तयार झाली. मी म्हटलं, "आई, मी सोफ्यावर बसेन, माझं काही नाही."

"हो, सोफ्यावरच बसा," त्या म्हणाल्या.

मग खुर्ची कशाला ठेवली, ते मला संध्याकाळी कळलं. मालिकेत दोन्ही जावा समोरासमोर आल्या, वाद्यं टिपेला गेली, आणि नेमक्या जाहिराती लागल्या. ठणाणा आवाज. सासूबाईंनी भरतकामातून मान वर न करता म्हटलं, "जावईबापू, बसा जरा खुर्चीत."

मी जाऊन बसलो. चित्र गेलं.

"पाय वर घ्या."

पाय वर घेतले. आवाज गेला. घर कसं शांत झालं. त्या आणि बायको निवांत बोलत बसल्या. जरा वेळाने त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हं, उठा."

तेव्हापासून हे रोज चालतं. त्या टीव्हीला रिमोट नव्हता, ही त्यातली एकच उणीव होती, ती आता भरून निघाली आहे. वरचे काकाही अधूनमधून मालिका बघायला येतात, आणि जाहिराती लागल्या की सासूबाईंच्या आधी तेच माझ्याकडे बघतात. थोबाडीत कोणी मारली होती ते मात्र अजून कोणालाच कळलेलं नाही.

मधे मी ठरवलं, या उठाबशा करायच्याच आहेत तर जरा वजनही कमी करू. आठवडाभर दोन घास कमी खाल्ले, मग एकदा जेवायला बसलो आणि ताटावर हात आडवा धरून म्हणालो, "आई, आता मला कमी वाढत जा."

सासूबाईंनी माझा हात बाजूला केला आणि नेहमीपेक्षा जास्तच वाढलं.

"खा मुकाट्याने," त्या म्हणाल्या. "काल जाहिरातीत नुसतं चित्र गेलं. आवाज राहिला होता."